ज्योतीराम मिस्त्रीची लिफ्ट

ज्योतीराम मिस्त्री आमच्या बोरमाळात राहायला आला आणि त्याच दिवशी त्यानं सगळ्या गावाशी वैर घेतलं. एसटीतून उतरला, ट्रंक खाली ठेवली, खिशातून दोरीचा पितळी ओळंबा काढला आणि खंडोबाच्या देवळापुढच्या दीपमाळेला लावून पाहिला. मग जमलेल्या चार माणसांना, कुणी काही विचारलेलं नसताना, सांगितलं, "दीड बोट उगवतीला कललीय."

दीपमाळ गावचे मानकरी लक्ष्मणराव यांच्या पणजोबांनी बांधलेली. ती कलली आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं, पण ते बोलून दाखवायचं नाही एवढी अक्कल त्या पोरालाही होती. परांड्याकडून आलेल्या या बुटक्या माणसाला ती नव्हती. पुढच्या आठवडाभरात त्यानं चावडीचं दार, विठोबा वाण्याच्या दुकानाची फळी आणि माझ्या शाळेतला काळा फळा, असं सगळं मोजून वाकडं ठरवलं. बाप गवंडी होता त्याचा. बापानं मागं ठेवलं काय, तर हा ओळंबा आणि हा स्वभाव.

मी तेव्हा बोरमाळच्या शाळेत मास्तर होतो. आकुर्डी आणि चिंचवडच्या मधे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून पन्नाससाठ उंबऱ्यांचं गाव. एका खोलीत चार इयत्ता, आणि मी मॅट्रिक पास. त्यामुळे गावातलं सगळं इंग्रजी माझ्या ताब्यात होतं आणि मी ते फार तोऱ्यानं सांभाळत होतो.

ज्योतीरामाला आणलं उद्धवरावांनी. उद्धवरावांची नऊ एकर जमीन, त्यातली अर्धी रस्त्याकडेला. पिंपरीला कारखाने यायला लागले, रस्त्यावर लॉऱ्यांची रांग वाढली, तसं उद्धवरावांच्या ध्यानात आलं की या लॉऱ्या कुठंतरी बिघडणार. त्यांनी बाभळी तोडल्या, पत्र्याची शेड ठोकली आणि वर पाटी लावली, 'श्री मल्हार मोटर वर्क्स'. त्याखाली याहून मोठ्या अक्षरात 'प्रोप्रायटर उद्धवराव'. प्रोप्रायटरांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते खाटेवर बसून ड्रायव्हर लोकांना गावाकडचं पाऊसपाणी विचारत. काम ज्योतीराम करी.

आणि ते काम म्हणजे आडवं पडणं. लढाईच्या काळात तो खडकीच्या डेपोत होता, तेव्हापासून वर्षानुवर्षं हा माणूस मोटारींच्या पोटाखाली उताणा पडून होता. खाली गोणपाट, वर ठिबकणारं तेल, एक डोळा मिटलेला. गाड्यांशी तो बोलायचा. एंजिनाला अहो-जाहो आणि स्प्रिंगच्या पाट्यांना शिव्या, असा त्याचा शिरस्ता होता. माणसांशी मात्र तो एकाच सुरात बोलायचा, आणि तो सूर कुणालाच आवडायचा नाही.

छप्पन सालच्या पावसाळ्यात ओल्या मुरमावर जॅक सरकला. लॉरीचा आस ज्योतीरामाच्या डाव्या खांद्यावर आला. पिंपळे सौदागरच्या एका हाडवैद्यानं बारा दिवस ठेवून घेतलं आणि निघताना सांगितलं, "आता गाडीखाली निजू नगंस. निजलास तर उठवायला मानसं लागतील, आन् येक दिस तीबी उठवणार न्हाईत." तेव्हापासून ज्योतीराम चालताना डावीकडे कलायला लागला. गावाला याचा काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्यांचा वाकडेपणा काढणारा आता स्वतः दीड बोट कललेला. लक्ष्मणराव तर त्याला पाहिलं की मुद्दाम दीपमाळेकडे बोट दाखवत.

त्याच सुमारास ज्योतीरामाला परांड्याहून भावाचं पत्र आलं. वाचायला माझ्याकडेच आलं. भावानं मोठ्या मायेनं लिहिलं होतं की निघून ये, आपल्याकडे गुरं राखायला माणूस नाही. मी वाचत होतो आणि ज्योतीराम नखातलं काळं तेल काडीनं काढत होता.

"काय लिहू उत्तर?" मी विचारलं.

"काय बी लिहू नका अजून," तो म्हणाला. "मला धंदा येतो मास्तर. गुरं कामून राखू?"

पण गाडीखाली निजायचं नाही तर मिस्त्री काम करणार कसं? याचं उत्तर देवानं उद्धवरावांच्या द्वेषबुद्धीतून पाठवलं. उद्धवरावांचे चुलतभाऊ म्हणजे हेच लक्ष्मणराव. त्यांनी सत्तावन्न सालच्या पाडव्याला बॅटरीवरचा रेडिओ आणला आणि ओसरीवर मोठ्यानं लावून ठेवला. उद्धवराव चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी ते पुण्याला गेले, तिथं एका पेट्रोल पंपावर त्यांनी जमिनीतून वर येणाऱ्या लोखंडी खांबावर आख्खी मोटार उचललेली पाहिली, आणि परत आले ते मुंबईच्या कंपनीला लिफ्टची ऑर्डर देऊनच.

"रेडू नुसता बोलतोय," ते मला म्हणाले. "आमचं यंत्र मोटार उचलंल. कोन वरचढ?"

ज्योतीरामाला कळलं तेव्हा तो शेडच्या मागं जाऊन एकटाच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि त्यानं कारण सरळ सांगितलं. "मास्तर, आता उभ्यानं काम. मरेस्तोवर उभ्यानं."

ज्येष्ठात लाकडी खोकी आली. सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं आणि ते वाचायचा मान माझा. खोक्यात माणसापेक्षा उंच लोखंडी नळकांडं होतं, त्यात बसणारा गुळगुळीत खांब होता, खांबाच्या डोक्यावर मोटारीची चाकं ठेवायच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या होत्या. हे नळकांडं जमिनीत पुरायचं, टाकीतल्या तेलावर हवेचा दाब द्यायचा, तेल खांबाला वर ढकलतं आणि वरची मोटार उचलली जाते. कॉक उघडून हवा सोडली की सगळं हळूहळू खाली येतं. एवढं मला समजलं. जिथं समजत नव्हतं तिथं मी आवाज वाढवून वाचत होतो. दोन दिवसांनी ज्योतीराम म्हणाला, "तुमचा आवाज चढला की मी समजतो, हितलं आपलं आपल्यालाच बघायचंय." मला राग आला, पण वाचणं सोडलं नाही. मान सोडतो कोण?

साडेआठ फूट खड्डा हवा होता. चार फुटांवर काळा कातळ लागला. विहिरी खोदणारा चिमाजी आणि त्याची माणसं पहारी घेऊन पंधरा दिवस ठोकत होती. उद्धवराव खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाले, "सा फुटात भागीव की रं."

"भागवतो," ज्योतीराम म्हणाला. "मग पट्ट्या जमिनीच्या अडीच फूट वर राहतील. मोटार काय उडी मारून चढंल?"

खड्डा साडेआठ फूटच झाला. तीन लाकडांच्या तिकाटण्यावर साखळी बांधून नळकांडं आत सोडलं, आणि मग सुरू झाला ओळंब्याचा खेळ. नळकांडं केसभर जरी कललं तरी वर साडेपाच फुटांवर उभी असलेली लॉरी कुणाच्या तरी डोक्यावर येणार, हे ज्योतीरामाला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तीन दिवस तो चारी बाजूंनी ओळंबा सोडत होता, पाचरी ठोकत होता, वीतभर काँक्रीट ओतत होता, आणि पुन्हा ओळंबा. उद्धवरावांची बायको गोजाबाई तळाशी ठेवायला नारळ घेऊन आली. ज्योतीरामानं तिला हात जोडले. "बाई, बुडाखाली काय बी नको. काठावर फोडा, हवं तेवढे फोडा." गोजाबाई तोंड फुगवून परत गेली. एक वैर त्या घरातही झालं.

हवेचा पंप फिरवायला उद्धवरावांनी विहिरीवरचं तेलाचं एंजिन उचलून आणलं. ऊस वाळत होता, पण उसाला कोण विचारतो? पहिल्या चाचणीला खांब असा काही हिसके मारत वर आला की बघे पळाले. तेलात हवा राहिली होती. ती कशी काढायची हे पुस्तकात होतं, नेमकं मी ते पान मोठ्या आवाजात वाचलं होतं. ज्योतीरामानं खांबाच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला केला, बुडबुडे थांबून नुसतं तेल पाझरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा आवळला. दुसऱ्या खेपेला खांब सावकाश वर आला. एकदाही अडखळला नाही. ज्योतीरामानं खिशातून ओळंबा काढून खांबाला लावला, मग पट्ट्यांच्या खाली जाऊन उभा राहिला, हात वर करून लोखंडाला टेकवले आणि तसाच थांबला. गड्याची उंची सव्वापाच फूट, त्यामुळे डोकं कुठं आदळत नव्हतं. मला म्हणाला, "भावाला लिहा, गुरांना दुसरा माणूस बघ." मी त्याच दिवशी लिहून टाकलं.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण आमचं गाव म्हणजे गाव. यंत्र तयार आहे तर लावा कामाला, असं म्हणायला आमच्यात कुणी कारखानदार थोडाच होता? प्रश्न आला मानाचा. पहिली गाडी कुणाची चढणार?

उद्धवरावांना वाटत होतं की कलेक्टरसाहेबांची मोटार आणावी. तेवढ्यात लक्ष्मणराव फेटा बांधून आले. खंडोबाच्या यात्रेत बारा गाडे एकामागं एक जोडून ओढतात, त्यातला पहिला गाडा लक्ष्मणरावांच्या घरचा. "गावात पयला मान आमचा," ते म्हणाले. "चढंल तर आमचा गाडा चढंल. न्हाईतर शेडखालची जमीन सामाईक हाय, सातबारा काढू का?" उद्धवरावांनी सातबाऱ्याचा विचार केला आणि त्यांना एकदम देव आठवला.

तर मंडळी, मुंबईच्या कंपनीनं मोटारींसाठी बनवलेल्या त्या लिफ्टवर पहिल्यांदा बैलगाडा चढला. बैल सोडले, गाडा माणसांनी ढकलला, जुवाखाली लाकडाचा ठोकळा लावला, चाकांना दगडाची अटकण दिली. ज्योतीराम कॉकपाशी उभा. त्यानं दोनदा सांगून पाहिलं की दोन चाकांची गाडी याच्यावर ठेवत नसतात. त्याला सांगण्यात आलं की देवाच्या गाड्याला चाकं मोजत नसतात. गाड्यात लक्ष्मणराव बसले, पुजारी बसला. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि गाडा साडेपाच फूट वर गेला. वरून भंडारा उधळला. हळद खांबाच्या तेलात गेली, ज्योतीरामाच्या डोळ्यात गेली. लक्ष्मणराव वरून भावकीकडे बघत होते. जन्मात एवढ्या उंचावर ते कधी गेले नव्हते आणि खाली उतरायला तयार नव्हते. मी खाली टाळ्या वाजवत होतो, ते लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्सच्या कामाला एक लॉरी आली. ज्योतीराम नवीन सदरा घालून आला होता. त्यानं ड्रायव्हरला हात करून लॉरी लिफ्टकडे घ्यायला सांगितली, तर पट्ट्यांवर गोजाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन बसलेली.

"हितं देवाचा गाडा टेकलाय," ती म्हणाली. "तिथं ही चिखलाची चाकं घालतोस व्हय? हात झडतील!"

लक्ष्मणराव धावत आले आणि गोजाबाईच्या बाजूनं बोलले. उद्धवराव आले. आयुष्यात पहिल्यांदा बायको आणि चुलतभाऊ एकाच बाजूला असलेले पाहून त्यांनाही गहिवरून आलं. शिवाय सकाळपासून लिफ्टपुढे सात नारळ फुटले होते.

"मग मी गाडी कुठं घेऊ?" ज्योतीरामानं विचारलं.

"जितं घेत हुतास तितं. तू काय आजचा हाईस व्हय?"

त्यानं हाडवैद्याचं बोलणं सांगितलं. उद्धवराव म्हणाले की देवाच्या दारात कुणाचं वाईट होत नसतं. ज्योतीरामानं नवीन सदरा काढून खिळ्याला अडकवला, गोणपाट अंथरलं आणि लॉरीखाली आडवा झाला.

चार महिने हे चाललं. लिफ्टला हिरवा पडदा लागला. दहा पावलांवर चुन्याची रेघ आली आणि रेघेच्या अलीकडे चपला काढायचा नियम. 'पादत्राणे येथे काढावीत' ही पाटी माझ्या हातची, अक्षर अजून लोक नावाजतात. सोमवार-शुक्रवार दिवा. आणि त्या दिव्यापासून बारा पावलांवर ज्योतीराम मुरमात उताणा. दुपारी त्याची बायको मंजुळाबाई भाकरी घेऊन यायची, आधी त्याचे दोन्ही पाय धरून त्याला गाडीखालून ओढून काढायची आणि मग जेवायला वाढायची. मी एकदा तिला म्हणालो की लोकांची श्रद्धा आहे, समजून घ्यायला पाहिजे. ती म्हणाली, "तुमी जरा त्यांचा दुसरा पाय धरा मास्तर." मी धरला. माणूस इतका जड नसतो.

दसऱ्यानंतर ज्योतीराम माझ्याकडे आला आणि भावाला दुसरं पत्र लिहायला सांगितलं. मी येतो, गुरं राखतो, असं. मी लिहिलं. त्यानं घडी करून खिशात ठेवलं, ओळंब्याशेजारी. सोमवारी टाकतो म्हणाला.

त्या सोमवारी भिमाजीची लॉरी बंद पडली. दिघीकडच्या लष्करी छावणीतून संडासांचा मैला भरून नेणारी ही लॉरी दर दोन दिवसांनी आमच्या रस्त्यानं जायची. ती दिसली की विठोबा वाणी गुळावर फडकं टाकायचा आणि बाया नाकाला पदर लावायच्या. भिमाजी रोज लॉरी धुवायचा, स्वतः इस्त्रीची खाकी घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायचा. त्यानं काही फरक पडत नव्हता. पुढचा डावा पाटा मोडून लॉरी एका अंगाला झुकली होती. त्या रस्त्यावरच्या एकाही वर्कशॉपनं तिला आजवर हात लावलेला नव्हता, आणि भिमाजीनं तशी अपेक्षाही केली नव्हती. त्यानं लांबूनच हाक मारली.

"मिस्त्री, जॅक तेवढा द्या. मी माझं करतो."

ज्योतीराम तेव्हा एका गाडीखालून मंजुळाबाईच्या मदतीनं बाहेर येत होता. त्यानं झुकलेली लॉरी पाहिली. मग हिरवा पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मी शेडमधेच होतो, सायकलला हवा भरायला आलेला. त्याच्या डोक्यात काय आलं हे मला तेव्हाच कळलं आणि मी सायकल दोन पावलं मागं घेतली.

"जॅक नको," तो म्हणाला. "रिकामी हाय?"

"रिकामी हाय. धुतलेली हाय."

"मग लिफ्टवर घे."

भिमाजी शहाणा माणूस. त्यानं पडदा पाहिला, रेघ पाहिली, माझी पाटी वाचली.

"हे बाटवायला घेताय व्हय माझी गाडी?" त्यानं विचारलं.

ज्योतीरामाला खोटं बोलता येत नसे, हा त्याचा जुना दोष. "हाव," तो म्हणाला. "बाटल्याबिगर हे मला वापरू देणार न्हाईत. पण पाटा बी बदलून देतो. कुनी देत नसंल असा."

भिमाजीचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं की आता हा शिव्या देणार, आणि द्यायलाच हव्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "आदी पाटा. नीट. बाटवायचं काम माझी गाडी उभी राहूनच करंल, त्याला तुमी काय करायला नगं."

पडदा निघाला. लॉरी रेघ ओलांडून पट्ट्यांवर चढली. एंजिन सुरू झालं आणि बोरमाळच्या इतिहासात जी उंची फक्त लक्ष्मणरावांना मिळाली होती तिथं मैल्याची लॉरी जाऊन उभी राहिली. एंजिनाच्या आवाजानं गाव गोळा झालं. गोजाबाई किंचाळली. लक्ष्मणराव ओरडले, "ए भिम्या! उतरीव! आरं मिस्त्री, उतरीव ते!" पण ओरडले ते चुन्याच्या रेघेवरून. कॉक रेघेच्या आत होता. तो फिरवायचा तर लॉरीखाली जायला हवं होतं, आणि लॉरीखाली जायची कुणाची तयारी नव्हती. उद्धवराव चिंचवडच्या बाजारातून आले आणि तेही रेघेवर येऊन थांबले. साठसत्तर माणसं रेघेवर उभी, कुणाचा पाय पुढं पडत नाही, आणि आत ज्योतीराम पाट्याला शिव्या देत काम करतोय. चार तास लागले त्याला. चारही तास तो उभा होता.

रात्री चावडीवर बैठक झाली. पुजाऱ्याला विचारलं, तर देवानं जागा सोडली असं निघालं. लक्ष्मणरावांनी जाहीर केलं की आता तिथं आमचा गाडा मरेपर्यंत लागणार नाही. गोजाबाईनं गोमूत्र शिंपडून ताट उचललं. माझी पाटी निघाली. उद्धवराव ज्योतीरामाला हाकलायला सकाळी शेडवर गेले, तर रस्त्याकडेला पाच लॉऱ्या थांबलेल्या आणि पाचही ड्रायव्हर मिस्त्रीला शोधणारे. उद्धवराव खाटेवर बसले. पाचही लॉऱ्यांकडे बघून म्हणाले, "बाटलंच हाय तर वापर आता."

म्हणजे देवाचं झालं तेव्हा ते कामाचं राहिलं नाही, आणि कुणाच्याच उपयोगाचं नाही असं ठरलं तेव्हा ज्या माणसाच्या उपयोगाचं होतं त्याला मिळालं. भावाला लिहिलेलं पत्र ज्योतीरामानं मला परत दिलं. "तुमच्यापाशी ठेवा," म्हणाला, "लागलं तर." लागलं नाही. खांदा काही सरळ झाला नाही, पण त्याला पाय धरून ओढायची वेळ पुन्हा आली नाही.

त्यानं एक खबरदारी घेतली. दर सोमवारी भिमाजीची लॉरी ग्रीसिंगला यायचीच, गरज असो नसो. गावाचा काय भरवसा, पुन्हा कधी देव येऊन बसेल. पहिल्या काही सोमवारी भिमाजी गाडी लावून लांब उभा राहायचा. नंतर तोही लॉरीखाली यायला लागला, पाने-पकडी द्यायला लागला. पुढं त्यांच्यात काय बोलणं होई मला माहीत नाही, पण मी गेलो की दोघंही हसत असायचे.

हे सगळं मी लोकांना फार रंगवून सांगतो. लक्ष्मणराव रेघेवर कसे उड्या मारत होते, गोजाबाईचं ताट कसं पडलं. लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, मास्तर, तुमचं गाव म्हणजे अगदीच मागासलेलं. मीही मान डोलावतो. पुढचं मात्र कधी सांगत नाही.

असाच एक सोमवार होता. मी सायकलची चेन घेऊन गेलो होतो. लिफ्ट वर होती, तिच्यावर भिमाजीची लॉरी, खाली दोघं. ज्योतीराम म्हणाला, "या मास्तर, चहा घ्या." स्टोव्हवर पातेलं होतं. तीन काचेचे ग्लास होते, तिन्ही सारखे. भिमाजीनं हात धुतले, पुसले, ग्लासांत चहा ओतला आणि एक माझ्यापुढं धरला.

मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलो."

घेतला नव्हता. सकाळपासून तोंडात पाणी नव्हतं. भिमाजीनं ग्लास लाकडी ठोकळ्यावर ठेवला. त्याला सवय होती.

ज्योतीरामानं माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली आणि हात लांब करून माझ्यापुढं धरला. एक डोळा मिटून तो बघत राहिला. वजन हलायचं थांबलं. दीपमाळेला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, चावडीला सांगितलं होतं, माझ्या फळ्यालाही सांगितलं होतं. मी वाट पाहत उभा राहिलो.

तो काही बोलला नाही. दोरी गुंडाळून ओळंबा खिशात ठेवला, ठोकळ्यावरचा माझा ग्लास उचलून स्वतः पिऊन टाकला, आणि पाना घेऊन कामाला लागला.